‘विदारक’च्या पुढे
छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकाच्या या शहरात, पुस्तकाचं प्रकाशन असलं की शाल-श्रीफळासोबत दोन विशेषणं ठरलेली: ‘विदारक’ आणि ‘अंतर्मुख करणारं’. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, तेव्हापासून दलित आत्मकथनांच्या वाट्याला हे कौतुक भरभरून आलं. पण ते लेखकाच्या सोसण्याचं असतं, लिहिण्याचं नव्हे. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकच माणूस दोघांत वाटला जातो. ही रचना ‘विदारक’ या एका शब्दात कुठे दिसते? लेखकांनी यावर रुसून न बसता स्वतःचे निकष मांडले. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवून त्या चर्चेला घर दिलं. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1996 मध्ये आलं. कुणी म्हणेल, साध्या वाचकाला शास्त्राशी काय देणंघेणं? त्याचं गलबलणं खरं असतं. असतंच, आणि ते मोलाचंही आहे. पण आपण नेमके कोणत्या पानावर गलबललो, हे सांगायला शास्त्र लागत नाही. पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. लेखकाचा तेवढा हक्क आहे.