मागचं इंजिन

कर्जतला गाडी थांबली की उतारूंना दोनच कामं असतात. दिवाडकरांचा वडा घ्यायचा आणि गाडी सुटायच्या आत परत डब्यात चढायचं. गाडी इथे इतका वेळ का रेंगाळते, याची चौकशी कोणी करत नाही. गाडीच्या शेपटाला इंजिनं लागत असतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. बोरघाटाचा चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून या चढाने भल्याभल्या गाड्यांचा दम काढलाय. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, लोणावळा आलं की मागची सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली कर्जतला येतात. पुण्याला पोचलेल्या माणसाने ‘काय बँकर होते हो आज!’ असं म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. (वंदे भारत बँकर न लावताच घाट चढते. आमच्यातल्या काही जुन्या लोकांना ते अजून पटलेलं नाही.)

हे आठवायचं कारण माझा भाचा. खोपोलीला राहतो, नववीत आहे. दर रविवारी खालापूरच्या बाजूला एका टर्फवर फुटबॉल खेळायला जातो. पूर्वी जिथे भात लावायचे तिथे आता हिरवी जाळी आणि तासावर भाडं. परवा तोंड पाडून आला. ‘मामा, मला परत मागे उभं केलं.’ मागे म्हणजे बॅकला. त्याला पुढे खेळायचंय, गोल मारायचेत, मारल्यावर गुडघ्यांवर घसरायचंय. मागच्याला कशाला कोण बघतंय?

त्याचं म्हणणं खोटं नाही. आमचा मुलूख कबड्डीचा. गावच्या स्पर्धेत चढाईवाला मांडीवर थाप मारून निघाला की शिट्ट्या सुरू, आणि डाव्या कोपऱ्यावर कोण उभा आहे हे सांगायला माइकवाल्यालाही कागद बघावा लागतो. तरी कबड्डीत पकडीला गुण मिळतो, फळ्यावर चढतो. फुटबॉलमध्ये जो गोल झालाच नाही तो कुठल्या वहीत लिहायचा? बॅकची दखल दोनच वेळा घेतली जाते: तो चुकला तर, किंवा चुकून त्यानेच गोल मारला तर.

मी त्याला राहुल भेकेची गोष्ट सांगितली. भेके मुंबईचा, जन्म डिसेंबर १९९० चा. कधी उजवा बॅक, कधी मधला, संघाला भोक पडलं असेल तिथे. खालिद जमील शिकवत असताना तो मुंबई एफसीकडून खेळला. ती मुंबई एफसी आज नाही. त्याआधी महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला होता. या शहराला फुटबॉल क्लब बंद करायची सवयच आहे. त्यामुळे इथल्या पोराला खेळात टिकायचं तर बाहेर पडावं लागतं. भेके कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेला, मग बंगळूरुला. देशाची जर्सी अंगावर आली ती जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपात, कुरासाओविरुद्ध. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. सामना भारताने १-३ असा गमावला. या वयात पुढे खेळणाऱ्यांची उतरण सुरू झालेली असते, याचं खातं तेव्हा उघडलं.

पण त्याच्या थोडं आधी, १७ मार्च २०१९ ला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, अंतिम सामना झाला होता. बंगळूरु विरुद्ध गोवा. बरोबर एक वर्ष आधी, १७ मार्चलाच, बंगळूरुने घरच्या मैदानावर चेन्नईकडून अंतिम सामना घालवलेला, त्यामुळे पोटात गोळा. नव्वद मिनिटं गोल नाही, जादा वेळाच्या पूर्वार्धातही नाही. गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं, तरी नाही. ११७ व्या मिनिटाला डिमास डेलगाडोने कॉर्नर घेतला, भेके गर्दीतून उसळला, डोकं लावलं आणि चेंडू खांबाला लागून आत. १-०. मुंबईच्या पोराने मुंबईच्या मैदानात बंगळूरुला करंडक मिळवून दिला. मी तो गोल शेवटच्या कर्जत लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. नेमका नेरळच्या अलीकडे व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला आणि चेंडू आत गेलेला मला भिवपुरी गेल्यावर दिसला.

भाच्याला इथपर्यंत गोष्ट आवडली, कारण त्यात गोल होता. त्याने लगेच विचारलं, ‘मग तो पुढे का नाही खेळत?’

म्हणून मग त्याला दोहा सांगावं लागलं. ३ जून २०२१, विश्वचषकाची पात्रता फेरी, समोर आशियाई विजेता कतार. नवव्या मिनिटाला भेकेला पिवळं कार्ड, सतराव्याला दुसरं. म्हणजे लाल, चल बाहेर. उरलेली सत्तरहून जास्त मिनिटं दहा जणांनी किल्ला लढवला, गुरप्रीतसिंग गोलात भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत फक्त एका गोलाने हरला. त्या रात्री भेकेला लोकांनी काय काय म्हटलं असेल ते मी इथे लिहीत नाही. पुढचा खेळाडू सोपा गोल चुकवतो तेव्हा आपण ‘अरेरे’ म्हणतो. मागचा चुकला की त्याची सात पिढ्यांची वंशावळ काढतो. माझा स्वतःचाही त्यात वाटा होता. घरात बसून मी जे बोललो ते बायकोला अजून आठवतं.

आणि पुढच्याच वर्षी, ११ एप्रिल २०२२ ला, रियाधमध्ये भेकेच्या नव्या क्लबची, मुंबई सिटीची, गाठ इराकच्या एअर फोर्स क्लबशी पडली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत तोवर भारतातल्या एकाही क्लबने सामना जिंकलेला नव्हता. मुंबई एका गोलाने मागे होती, मग पेनल्टीवर बरोबरी झाली आणि ७५ व्या मिनिटाला पुन्हा भेकेचं डोकं. २-१. अंधेरीत गोव्याकडून लाल कार्ड घेणारा जाहू आता त्याच्याच संघात होता, ही खेळातली मला सगळ्यात आवडणारी गंमत. काल ज्याच्या पोटरीवर लाथ मारली त्याच्याशेजारी आज जेवायला बसायचं.

मे २०२४ मध्ये आयएसएलच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीने कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवलं तेव्हा करंडक उचलणारा कर्णधार भेकेच होता. बागानचा एकमेव गोल जेसन कमिंग्जचा. हा गडी जन्माने एडिंबराचा, आधी स्कॉटलंडकडून खेळला, नंतर ऑस्ट्रेलियाकडून.

स्कॉटलंडचं नाव निघालंच आहे तर बिली मॅकनीलबद्दल सांगायला हवं. तो ग्लासगोच्या सेल्टिकचा मधला बॅक. १९५७ ते १९७५ एकच क्लब, ७९० सामने. १९६५ च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात बरोबरी चालली असताना शेवटच्या दहा मिनिटांत कॉर्नरवर डोकं लावून त्याने सामना काढला, अगदी भेकेसारखा. त्यानंतर दोन वर्षांनी लिस्बनमध्ये त्याच्या कप्तानीखाली सेल्टिक युरोपचा विजेता झाला आणि त्या संघातला प्रत्येक जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतला होता. तीस मैल म्हणजे कर्जतहून निघून ठाण्याच्या अलीकडे. एवढ्या टापूत युरोप जिंकणारे अकरा जण सापडले. मॅकनीलला अठरा वर्षं एका घरात काढता आली, कारण त्याचं घर उभं होतं. आमच्या भेकेला शहरामागून शहरं पालथी घालावी लागली. त्याच्या निष्ठेला नावं ठेवणाऱ्यांनी आधी मुंबईतल्या बंद क्लबांची यादी वाचावी.

असाच मागचा माणूस आपल्याकडे गोव्यातही होता, महेश गवळी. डेम्पोचा बॅक, त्याआधी २००३ मध्ये जाकार्ताला आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्येही होता. पुढे प्रशिक्षणाकडे वळला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत भारताचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक स्टिमाच यांच्यावर बंदी आली तेव्हा लेबनॉनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रेषेवर उभा राहिला तो हा गवळी. तिथेही कोणाच्या तरी मागची जागा भरायलाच.

भेके २०२४ मध्ये परत बंगळूरुला गेला. नोव्हेंबरात हैदराबादला मलेशियाविरुद्ध गुरप्रीतच्या हातून चूक झाली, भारत मागे पडला आणि बरोबरीचा गोल केला भेकेने, डोक्यानेच. मला दोहा आठवलं. तेव्हा याची चूक त्याने निस्तरली होती, या वेळी उलट. मग मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध पहिला गोल याचा. त्या सामन्यात सुनील छेत्री निवृत्तीतून परतला होता, त्यानेही गोल केला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कोणाचा आला ते सांगायला नको.

हे सगळं सांगून होईपर्यंत भाच्याने दोन वडे संपवले होते. या रविवारी मी टर्फवर बघायला गेलो. तो मागेच होता. एकदा पुढच्याचा पाय चुकवून त्याने चेंडू अलगद काढून घेतला, जाळीबाहेरच्या बाकावर कोणी मान वर केली नाही. शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्यांना कॉर्नर मिळाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरांना ओरडून सांगितलं, ‘मी जातो पुढे.’

‘आणि मागे कोण थांबणार?’ गोलकीपर ओरडला.

‘तू आहेस ना!’ म्हणत हा धावत सुटला.