तोंडी शब्दावरची धावपट्टी

उंबरमाळी हे नाव मुंबई-ठाण्याच्या वाचकांच्या कानावर ठळकपणे आले ते पाण्यामुळे. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत मध्य रेल्वेच्या या छोट्याशा स्थानकात फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी चढले आणि कसारा मार्गावरील वाहतूक ठप्प झाली. तोच परिसर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहिला, तर ओळखू येऊ नये इतका बदललेला असतो. खर्डीपासून कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंतचे माळ पिवळे पडलेले असतात, ओहोळ आटलेले असतात आणि संध्याकाळी एखाद्या डोंगरसोंडेवर आगीची वाकडी रेघ सरकताना दिसते. पावसाळ्यात पाण्याने वेढले जाणारे हे गाव उन्हाळ्यात वणव्याच्या छायेत असते. शहरातून येथे छंदासाठी येणाऱ्याने हे दोन ऋतू एकत्र ध्यानात ठेवले पाहिजेत.

असे छंद आता वाढले आहेत. वांगणीच्या काळोखात रात्रभर आकाशदर्शन करण्याची मुंबईकर खगोलप्रेमींची प्रथा जुनी आहे. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग होते. एअरोमॉडेलिंग, म्हणजे दूरनियंत्रकावर चालणारी छोटी विमाने घडवून ती उडविण्याचा छंद, हा याच पंक्तीतला. एनसीसीच्या हवाई शाखेमुळे तो शहरांतील अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. मात्र ज्या मोकळ्या मैदानांवर तो जोपासला जात असे, ती मैदाने महानगरात उरली नाहीत. साहजिकच असा एखादा गट जागेच्या शोधात निघाला, की कसारा लोकल आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांच्या मधला शहापूर तालुका त्याला खुणावतो. विमानतळ दूर, वस्ती विरळ, माळ मोकळा. एखाद्या शेतकऱ्याशी बोलणे होते, रविवारपुरती परवानगी मिळते, गवत कापून धावपट्टी आखली जाते आणि क्लब सुरू होतो.

या छंदाच्या आकाशाचे नियम ठरलेले आहेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रारूप विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतची अतिलघु साधने वगळता इतरांना त्रयस्थ पक्षाचा विमा उतरविणेही या नियमांना अभिप्रेत आहे. आकाशाबाबत एवढी स्पष्टता असताना, ज्या जमिनीवरून विमान झेपावते आणि जिच्यावर ते कधी ना कधी कोसळते, तिच्याविषयी मात्र सारा व्यवहार बहुधा तोंडी असतो. खरा धोका येथेच आहे.

शहरी माणसाला जो ‘ओसाड माळ’ दिसतो, तो सातबाऱ्यावर बहुतेकदा वरकस जमीन म्हणून नोंदलेला असतो. कोकण-ठाण्याच्या भातशेतीत या वरकसला फार महत्त्व आहे. तिच्यावर गवत वाढते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा तिच्यावरूनच मिळतो. दसरा-दिवाळीनंतर गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जातात. काही घरच्या जनावरांसाठी राहते, उरलेले विकले जाते. मुंबईतील तबेल्यांना ठाणे जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या गवत पुरविले आहे. म्हणजे क्लबच्या लेखी जी निव्वळ मोकळी जागा, ती मालकाच्या लेखी उभे पीक असते. ते पेटले तर त्याचे वर्षाचे गणित कोलमडते. आंब्याची, मोहाची झाडे आणि कुडाचे कुंपण जळाले, तर नुकसान एका वर्षात भरून येत नाही.

आता या पिकाशेजारी काय आणले जाते ते पाहू. आजची बहुतेक प्रारूप विमाने लिथियम-पॉलिमर बॅटरीवर चालतात. विमान आदळून बॅटरीचा घट चेपला, की आतल्या आत तापमान वाढत जाते आणि काही मिनिटांनीही ती भडकू शकते. विमान उंच गवतात पडले आणि ते शोधायलाच पाव तास लागला, तर तेवढ्या अवधीत आग धरलेली असते. जुन्या धाटणीच्या ग्लो इंजिनांचे इंधन मुख्यतः मिथेनॉल असते. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. पेट्रोल इंजिनाचा तापलेला धुरांडा गवताला टेकला तरी पुरे. छोट्या जेट टर्बाइनमध्ये तर केरोसीन जळते आणि तिचे उत्सर्जित वायू कित्येकशे अंश तापलेले असतात. ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफजवळ कोसळलेल्या एका ड्रोनने पेट घेतला आणि तीनशे एकरांहून अधिक गवताळ प्रदेश जळाला. त्याच महिन्यात, ११ मार्च २०१८ रोजी, तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात शहरांतून आलेले गिर्यारोहक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्या आगीचा विमानांशी संबंध नव्हता. परंतु सुक्या गवताच्या उतारावर आग किती वेगाने माणसाला गाठते, याचा तो दारुण धडा होता.

शहापूर-मुरबाडमध्ये या धोक्याला आणखी तीन बाजू आहेत. पहिली कालगणनेची. वनखाते साधारणतः १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. पाऊस आणि उंच गवत यांमुळे उड्डाणे सुरू होतात ती दिवाळीनंतर, आणि ती चालतात पावसापर्यंत. म्हणजे छंदाचा हंगाम आणि आगीचा हंगाम यांतले निम्मे महिने सामाईक आहेत. दुसरी बाजू पाण्याची. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागविणारी जलाशये याच पट्ट्यातली. तरीही तालुक्यातील अनेक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जेथे प्यायचे पाणी मोजून मिळते, तेथे रविवारच्या विमानाने लावलेली आग विझवायला पाणी कोणाच्या विहिरीतून उपसायचे? बंब आला तरी तो डांबरी रस्त्यावरच थांबणार. तिसरी बाजू संशयाची. वणवा लागला, की राब भाजणारा शेतकरी, मोहफुले वेचणारी आदिवासी बाई, शिकारी यांच्याकडे प्रथम बोट दाखविले जाते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची उपग्रहावर आधारित यंत्रणा आगीची सूचना वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर धाडते. ती आग कोठे लागली ते सांगते, कोणी लावली ते सांगत नाही. क्लबच्या मोटारी संध्याकाळी निघून गेलेल्या असतात. चौकशीला सामोरा जातो तो जमिनीचा मालक.

मग हा मालक लेखी करार का मागत नाही? किंबहुना कागद पुढे केला, की तो मागे का सरतो? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या जमीनविषयक इतिहासात आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्याला मालक बनविले. हजारो कुटुंबांना त्याने न्याय दिला. पण ‘दुसऱ्याला जमीन लिहून दिली, की ती जाते’ ही भावना गावोगाव कायमची रुजली. ज्याच्या आजोबांना कूळ म्हणून जमीन मिळाली, तो नातूही आज परक्याचे नाव सातबाऱ्याजवळ येऊ देत नाही. त्यात ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि तालुक्यातील जमिनीकडे पाहण्याची नजरच बदलली. उद्या गिऱ्हाईक आले तर मध्ये कोणाचा अडसर नको, हा विचार मालकाने करणे स्वाभाविक आहे.

कायद्याच्या अटीही सोप्या नाहीत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे निर्बंध आहेत. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने जायची असली, तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. याशिवाय १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखालील नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असेल, तर दिसायला माळ असलेली जागा कायद्याने वन ठरू शकते. तेथील आग हा निव्वळ शेजाऱ्यांतला तंटा उरत नाही. इतरत्रही, निष्काळजीपणाने आग लावून जीवितास धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे.

यावर छंदिष्टांचा युक्तिवाद ठरलेला असतो. महिन्यातले चार रविवार, दहा-पंधरा माणसे, मालकाशी घरोब्याचे संबंध. एवढ्यासाठी वकील आणि स्टँपपेपर कशाला? कागदाने जिव्हाळा आटतो, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. ग्रामीण भागात शब्दाला किंमत आहे आणि दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन घरी येणारा पाहुणा भाडेकरूपेक्षा जवळचा वाटतो. परंतु हा जिव्हाळा दोन भावांपैकी एकाशी असतो आणि सातबाऱ्यावर नावे चौघांची असतात. गंजी जळते ती शेजाऱ्याची, ज्याने परवानगी दिलेलीच नसते. आग लागलेल्या दिवशी ‘भरपाई देऊ’ या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना वेगळा वाटतो, आणि पहिला बळी त्या घरोब्याचाच जातो. मिठाईचा पुडा त्या वेळी उपयोगी पडत नाही.

म्हणूनच आगीचे नियोजन आणि मालकाशी असलेले नाते हे दोन वेगळे विषय मानणे ही मूळची चूक आहे. मालकाच्या गवताची राखण हेच खरे भाडे, हे क्लबने एकदा स्वीकारले, की पुढचा मार्ग सापडतो. भाडेपट्ट्याऐवजी ठरावीक दिवसांपुरते, ताबा मालकाकडेच असल्याचे स्पष्ट नमूद करणारे परवानगीपत्र, जाणकार वकिलाकडून तपासून, सर्व खातेदारांच्या सह्यांनी दरवर्षी नव्याने करता येईल. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर त्या कागदाआड भाडेपट्टा लपविण्याची पळवाट कोणी शोधू नये. महसूल कार्यालयात रीतसर विचारणा करावी. ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि वनरक्षक यांना उड्डाणांचे दिवस आधी कळवावेत. त्याच कागदावर गवताचा, गंजीचा आणि झाडाचा भरपाईचा दर आगीपूर्वीच लिहिलेला असावा. दर आधी ठरला, की नंतर घासाघीस होत नाही.

उरलेले कलम आगीचे. दिवाळीनंतर मालकाचे गवत कापून होईपर्यंत विमान उडू नये. धावपट्टीभोवतीचे गवत खरवडून वनखाते काढते तशी जाळरेषा काढावी. ती जाळून काढण्याचा मोह टाळावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून टर्बाइन आणि इंधनाची इंजिने पूर्ण बंद, आणि दुपारचा वारा सुटला की बॅटरीची विमानेही जमिनीवर, हा नियम कोणत्याही सभासदासाठी मोडू नये. ऑस्ट्रेलियात शासनाने ‘संपूर्ण आगबंदी’ जाहीर केलेल्या दिवसांची पद्धत आहे. आपल्याकडे तशी घोषणा कोणी करणार नाही, म्हणून ती क्लबने स्वतःच करावी. बॅटऱ्यांचे चार्जिंग गवतापासून दूर, उघड्या मातीवर धातूच्या पेटीत व्हावे. आदळलेली बॅटरी लगेच मोटारीत न ठेवता निदान अर्धा तास वाळूच्या बादलीत राहावी. पाण्याची पिंपे, पाठीवरचा फवारणी पंप आणि ओली गोणपाटे क्लबने शहरातून आपल्याबरोबर आणावीत. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपून विझविण्याचे कसब गावातील तरुणांकडे आहे. त्यांतील दोघांना प्रत्येक उड्डाणदिवशी रोजंदारीवर पहारेकरी नेमले, तर क्लबला अग्निशमन दल मिळेल आणि गावाला या छंदातून काही रोजगार. शेवटची मोटार निघण्यापूर्वी मालकासह माळावर एक फेरी मारणे, हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

खऱ्या विम्याचेही तसेच. अमेरिकेतील १९३६ पासूनच्या ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संघटनेने सभासदांबरोबर जागेच्या मालकालाही दायित्वविम्याचे संरक्षण देण्याची सोय केली आहे. तेथील क्लबांना जागा मिळविणे त्यामुळे सोपे जाते. कारण मालकाच्या मनातील ‘उद्या माझ्यावर शेकले तर?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे छापील उत्तर असते. आपल्या क्लबांनी एकत्र येऊन विमा कंपन्यांकडे अशीच मागणी करायला हरकत नाही. नियमांना त्रयस्थ विमा अभिप्रेत आहेच. त्या त्रयस्थांत पहिला मान जमीनमालकाचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा असायला हवा.

मुंबईने शहापूरकडून पाणी घेतले, गवत घेतले, दूध घेतले आणि आता रविवारची मोकळी हवाही ती घेऊ लागली आहे. या देवघेवीत तालुक्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न धरणांपासूनचा आहे आणि एक छोटासा क्लब त्याचे उत्तर देऊ शकणार नाही. पण संध्याकाळी परतताना मागे राख उरू नये, एवढे तर त्याच्या हाती निश्चितच आहे. विमान पुन्हा बांधता येते. वरकसचे जळालेले गवत मात्र पुढच्या पावसापर्यंत उगवत नाही, आणि मालकाचा उडालेला विश्वास त्यानंतरही उगवेल याची शाश्वती नाही.