बिननावाचा डबा आणि वऱ्हाडातील केस

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : अमरावती विभागातील पार्लरमधून वापरली व विकली जाणारी, लेबल नसलेली केस सरळ करण्याची रसायने आणि गोरेपणाची क्रीम.

केसाचा आकार केराटिन या प्रथिनातील गंधकाच्या बंधांवर ठरतो. कुरळा केस सरळ करायचा तर हे बंध तोडावे लागतात, नाहीतर केसावर दुसऱ्या रसायनाची पकड बसवून तो ताणून धरावा लागतो. त्यासाठी आज तीन पद्धती चालतात. पहिलीत सोडियम हायड्रॉक्साइडसारखे तीव्र अल्कली वापरतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ‘रिलॅक्सर’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत ती हीच. दुसरी पद्धत थायोग्लायकोलेटची. आपल्याकडच्या पार्लरमध्ये तिला ‘रिबॉन्डिंग’ म्हणतात. तिसरी ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’ या नावाने चालते. तिच्यात फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असलेले द्रावण केसाला चोपडून वरून तापलेली इस्त्री फिरवतात. इस्त्रीचे तापमान 200 अंश सेल्सिअसच्या वर असते. वऱ्हाडात लग्नसराईच्या आधी सर्वांत जास्त मागणी या तिसऱ्या प्रकाराला असते, आणि धोकाही सर्वांत जास्त याच प्रकारात आहे.

फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला आणि त्याला पहिल्या गटात टाकले. पाण्यात विरघळले की त्याचे मिथिलीन ग्लायकॉल होते. लेबलावर हे दुसरे नाव छापून ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असा दावा करणे त्यामुळे सोपे जाते. द्रावणावर इस्त्री फिरली की वायू पुन्हा मोकळा होतो आणि खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या व तिच्यामागे उभ्या असलेल्या कारागिराच्या श्वासात जातो. 2010 मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकले जाणारे एक प्रसिद्ध द्रावण तपासले. त्यात फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण 8 टक्क्यांहून अधिक निघाले. अमेरिकेत कामगाराच्या श्वासातील हवेसाठी आठ तासांची मर्यादा 0.75 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पाऊण भाग आहे, आणि पंधरा मिनिटांसाठी ती 2 पीपीएम आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावून एसी चालवलेल्या दहा बाय बाराच्या पार्लरमध्ये ही हवा मोजण्याचे यंत्र कुणी नेऊन ठेवले आहे का, याचे उत्तर प्रशासनाने द्यायचे आहे.

फॉर्माल्डिहाइडची बदनामी झाल्यावर उत्पादक ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिडकडे वळले. ते सुरक्षित असल्याचा समज फार काळ टिकला नाही. मार्च 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 26 वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तांत आला. जून 2020, एप्रिल 2021 आणि जुलै 2022 अशा तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाली. उलट्या, जुलाब, ताप आणि पाठदुखी ही लक्षणे होती. डोक्याच्या त्वचेची आग झाली, जखमा झाल्या. वापरलेल्या क्रीममध्ये 10 टक्के ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड होते. उंदरांवरील प्रयोगात कारणही स्पष्ट झाले : हे आम्ल त्वचेतून रक्तात उतरते, त्याचे ऑक्झलेट बनते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचतात. त्याआधीच इस्रायलमधील 14 रुग्णालयांनी मिळून अशा 26 रुग्णांची नोंद केली होती. त्यांपैकी तिघींना काही काळ डायलिसिसवर ठेवावे लागले.

दीर्घकालीन परिणामांचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’तून ऑक्टोबर 2022 मध्ये पुढे आला. 35 ते 74 वयाच्या 33,497 स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्या काळात गर्भाशयाच्या कर्करोगाच्या 378 रुग्ण आढळल्या. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तराव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याचे प्रमाण अंदाजे 1.64 टक्के होते. वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते 4.05 टक्के निघाले. हा संबंध आहे, अंतिम सिद्धता नव्हे, हे संशोधकांनीही स्पष्ट केले आहे. मात्र ही रसायने वापरल्याचे सांगणाऱ्यांत सुमारे 60 टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. त्या आवडीपोटीच वापरत होत्या असे म्हणता येत नाही. नैसर्गिक केस ‘अव्यवस्थित’ ठरवून नोकरी नाकारण्याची रीत तिथे इतकी रुजली होती की, 2019 मध्ये कॅलिफोर्नियाला केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला. नंतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला.

वऱ्हाडात दबावाचे रूप वेगळे आहे, वजन तेवढेच आहे. मुलगी पाहायला येणाऱ्यांना केस ‘लांब, सरळ, काळेभोर’ हवे असतात. कुरळ्या केसांच्या मुलीला घरातच ‘झिपऱ्या आवर’ असे ऐकावे लागते. त्यात पाण्याची भर पडते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरींच्या खारट, जड पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. धुतलेला केस राठ होतो, गुंततो. पार्लरच्या जाहिरातीत ‘आधी’ म्हणून दाखवलेले केस पुष्कळदा या पाण्याने झालेले असतात. याच मातीत पिकणाऱ्या जवसाचा उकळून काढलेला बुळबुळीत रस कुरळ्या केसांना वळण देतो. रिठा आणि शिकेकाईही बाजारात मिळतात. म्हणजे नैसर्गिक केस राखण्याचा पर्याय या मुलुखात आहे. रासायनिक पर्यायही प्रौढ स्त्रीने निवडावा, तो तिचा अधिकार आहे. पण डब्यात काय आहे हे तिला कळत नसेल, तर तिने केलेल्या कृतीला निवड म्हणता येणार नाही.

खारपाणपट्ट्यात आणखी एक धोका दडलेला आहे. मूत्रपिंडाचे विकार ही इथल्या गावांची जुनी तक्रार आहे आणि तिचे बोट कायम पाण्याकडे जाते. क्रिएटिनिन वाढलेली एखादी तरुण मुलगी दवाखान्यात आली, तर पहिला प्रश्न तिच्या गावच्या पाण्याविषयी विचारला जाणार. गेल्या आठवड्यात केस सरळ केले होते का, हा प्रश्न विचारण्याची पद्धत रुजलेली नाही. पाण्याचा दोष खरा आहे, आणि त्याच्या आड दुसरा दोष लपून राहण्याची शक्यताही तेवढीच खरी आहे.

ही भीती हवेतली नाही. अकोल्यात ती घडून गेली आहे. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटिशियनकडून गोरेपणाचे क्रीम घेतले. रंग उजळलेला पाहून तिची आई आणि मोठी बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. 2022 च्या सुरुवातीला तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आल्याचे निदान झाले. अकोल्यातील डॉक्टरांना कारण उमगेना, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाची मदत घेण्यात आली आणि तिथे क्रीमची तपासणी झाली. त्यात पारा सापडला. त्या मुलीच्या रक्तातील पाऱ्याची पातळी 46 होती. ती 7 च्या आत असायला हवी. फेब्रुवारी 2023 मध्ये हे सर्व वृत्तपत्रांत छापून आले. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळमधील डॉक्टरांनाही हेच दिसले. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात तिथे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण तपासले गेले. त्यांतील 15 जणांत एक ठरावीक प्रथिन आढळले, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाचे क्रीम लावल्याचे सांगितले.

अकोल्याचे क्रीम आणि केस सरळ करण्याचे द्रावण ही दोन वेगळी रसायने आहेत. त्यांची वाट मात्र एकच आहे : बिननावाचा डबा, ओळखीची पार्लरवाली ताई, आणि ‘सगळ्याच लावतात’ हा भरवसा. प्रशासनाविरुद्धची मुख्य तक्रार या वाटेबद्दल आहे, कारण ती बंद करण्याची साधने प्रशासनाच्या हाती आधीपासून आहेत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आहे. शरीराला चोळण्याची, ओतण्याची, शिंपडण्याची किंवा लावण्याची आणि रूप बदलणारी प्रत्येक वस्तू त्यात सौंदर्यप्रसाधन मानली आहे. सौंदर्यप्रसाधने नियम डिसेंबर 2020 मध्ये आले. त्यांच्यानुसार वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत, घटकांची यादी आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक लेबलावर असलाच पाहिजे. प्रसाधनात पारा घालण्यास बंदी आहे. नकळत राहिलेल्या पाऱ्याची मर्यादाही डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत 70 पीपीएम आणि बाकी सर्वांत 1 पीपीएम एवढीच आहे. कलम 18अ नुसार निरीक्षकाने विचारल्यास विक्रेत्याला माल कुठून आणला ते सांगावेच लागते. कलम 22 निरीक्षकाला नमुना घेण्याचा अधिकार देते. कलम 27अ नुसार बनावट किंवा भेसळयुक्त प्रसाधनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान 50,000 रुपये दंड आहे. इतर उल्लंघनांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इतका कायदा असूनही डबा विकला जातो, याची कारणे तीन आहेत. औषधाच्या दुकानाला विक्रीचा परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधनाच्या विक्रीला लागत नाही; त्यामुळे कोण काय विकते याची यादीच तयार होत नाही. दुसरे म्हणजे कायद्याची भाषा निर्मिती, साठा, विक्री आणि वितरण यांभोवती फिरते. पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावणे ही सेवा आहे की विक्री, याचा खुलासा पार्लरपर्यंत पोहोचलेला नाही. तिसरे कारण अंतराचे. अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत आणि नमुना तपासण्याची सरकारी प्रयोगशाळा नागपूरला आहे, अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. कलम 26 नुसार कोणताही ग्राहक ठरलेले शुल्क भरून आपण विकत घेतलेले प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हा अधिकार अकोटच्या किंवा दर्यापूरच्या मुलीला कोणत्या फलकावर वाचायला मिळतो?

दोष पार्लर चालवणाऱ्या स्त्रीवर ढकलून हा प्रश्न सुटणार नाही. दिवसाला चार डोकी करणारी कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकापेक्षा चौपट वायू श्वासात घेते. महाराष्ट्रात केसांवर काम करणाऱ्या हातांनी अन्यायाला नकार दिल्याचा इतिहास आहे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. आपल्या हातून काय होते आहे हे त्या न्हाव्यांना ठाऊक होते, म्हणून ते नाही म्हणू शकले. आजच्या कारागिराला डब्यात काय आहे हेच ठाऊक नाही. ते तिला सांगणे हे प्रशासनाचे काम आहे, आणि ते न सांगणे हा तिच्यावरचाही अन्याय आहे.

करायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

1. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाचही जिल्ह्यांतील पार्लरमधून केस सरळ करण्याची द्रावणे व गोरेपणाची क्रीम यांचे नमुने घ्यावेत. फॉर्माल्डिहाइड, ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड आणि पारा यांची तपासणी करून निकाल जिल्हानिहाय जाहीर करावेत.

2. मोबदला घेऊन गिऱ्हाइकाला प्रसाधन लावणे कायद्याच्या कक्षेत येते, असा स्पष्ट खुलासा परिपत्रकाने करावा. मूळ डबा आणि त्यावरील लेबल गिऱ्हाइकाला काम सुरू होण्याआधी दाखवणे सक्तीचे करावे.

3. कलम 26 खालील अर्ज अकोला व अमरावतीच्या कार्यालयांत मराठीतून स्वीकारावेत. शुल्क आणि निकालाची मुदत दर्शनी भागात लावावी.

4. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण होणारे अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय यांच्यासह सर्व डायलिसिस केंद्रांना सूचना द्यावी. मूत्रपिंडाच्या प्रत्येक नव्या रुग्णाला पाण्याबरोबरच क्रीम आणि केसांच्या प्रक्रियेविषयी विचारावे, आणि संशयित प्रकरण प्रशासनाला कळवावे.

5. ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असलेल्या केस सरळ करण्याच्या उत्पादनांवर बंदी किंवा कडक मर्यादा घालण्याचा प्रस्ताव राज्याने केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे पाठवावा.

6. अकोल्याच्या 2022 मधील त्या क्रीमचा उत्पादक कोण होता, ते कोणत्या वाटेने शहरात आले आणि त्याच्यावर कोणती कारवाई झाली, याचा अहवाल प्रसिद्ध करावा.

यांतील पाचव्या मागणीचा अंतिम निर्णय तेवढा केंद्राकडे आहे. उरलेल्या पाचांना नवा कायदा लागत नाही. लागतात ते निरीक्षकाची भेट, नमुन्याची बाटली आणि एक परिपत्रक.

वऱ्हाडातील ग्राहक
अकोला – अमरावती