स्वस्त पिस्तूल आणि महागडी भीती

पोराला किंवा पोरीला नेमबाजी शिकवायची आहे, पण पिस्तूल कोणतं घ्यावं आणि केवढ्यापर्यंतचं घ्यावं, असं विचारणारे पालक आता आमच्या नंदुरबार जिल्ह्यातही भेटतात. मी काही वर्षं तोरणमाळला शिकवलं आहे. तिथली पावरा आणि भिल्ल मुलं तिरकामठ्यासोबतच वाढतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर ती अशी हात साफ करतात की दुकानवाला वैतागतो. नजर आणि हाताची स्थिरता इथे उपजत आहे. प्रश्न पैशांचा आहे, आणि आपल्या लोकांसाठी आणखी एका गोष्टीचा. तिच्याकडे पुढे येतो.

आमच्याकडे ‘कमी पैशात पिस्तूल’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गावठी कट्टा येतो. सातपुड्याच्या रांगेत, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचं नाव या बातम्यांत वर्षानुवर्षं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल बाळगल्याबद्दल किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. पंचविशीच्या आतली पोरं रील बनवण्यापायी त्यात अडकतात. ते खेळाचं साधन नाहीच. आपण बोलतोय ते दहा मीटरच्या एअर पिस्तुलाबद्दल.

या पिस्तुलात बारूद नसते. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलीमीटरचा छर्रा सुटतो. ४.५ मिलीमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असलेल्या हवाई हत्याराला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा सहा-सात ज्यूलच्या आसपास असते. पॉइंट टू-टू घ्यायचं तर परवाना हवा. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

आता निवड. पहिली चूक म्हणजे स्प्रिंगवर चालणारं चार-पाच हजारांचं पिस्तूल घेणं. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलीमीटर व्यासाचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. स्प्रिंगच्या धक्क्याने पिस्तूल हलतं, ट्रिगर जड असतो. छर्रा बाजूला गेला तर चूक हाताची की हत्याराची, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. वर्षभरात मूल कंटाळतं आणि घरचे म्हणतात, ‘याच्यात दम नाही.’

दुसरी चूक याच्या उलट. ऑलिंपिकमध्ये मोरिनी किंवा स्टायर दिसलं म्हणून कर्ज काढून तेच घेणं. मनू भाकरचं महागडं पिस्तूल टोकियोत ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्याजवळ मदतीला माणसं होती. शहाद्यात कोण आहे?

मधला रस्ता आहे. जर्मन, स्विस, इटालियन, ऑस्ट्रियन कंपन्यांची कारखान्यातून तयार येणारी, स्पर्धेच्या नियमांत बसणारी साधी मॉडेल्स मिळतात. हॅमरली एपी-२० हे त्यातलं एक. वरच्या मॉडेलांच्या जवळपास निम्म्या किमतीत येतं. अचूकतेत नवशिक्याला फरक जाणवणार नाही. ट्रिगर यांत्रिक घ्यावा, इलेक्ट्रॉनिक नको. नियमाने ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम. चौदा वर्षांच्या मुलीला हलकं, आखूड नळीचं मॉडेल बरं. एका हाताने साठ वेळा उचलायचं असतं.

मूठ सगळ्यांत महत्त्वाची. पंज्याच्या मापाची आणि उजव्या-डाव्या हाताची वेगवेगळी येते. हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुनं घेत असाल तर हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं नळकांडं धोक्याचं, आणि स्पर्धेतही ते चालत नाही. सुटे भाग आणि रबरी वायसर कुठे मिळतील, हवा कुठे भरून मिळेल, हे विकणाऱ्याकडून आधी कळून घ्या. हवा २०० बारपर्यंत भरावी लागते. सायकलच्या पंपाचं ते काम नाही, त्यासाठीचा वेगळा हातपंप येतो. छऱ्यांचा ५०० चा डबा रोज साठ मारले तर आठ दिवसांत संपतो. पिस्तुलाची किंमत एकदा द्यायची, ही दर आठवड्याला. हिशेब हिचा करा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य मिळवलं. त्याच्या गोळ्यांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. रायफलला जाड जाकीट-पँटही लागते. पिस्तुलाला तो खर्च नाही.

आता दुसरी गोष्ट. घाट उतरून शहाद्याला आलं की आमच्या एका दोस्ताचं घर आहे. मुलगी शाळेच्या स्पर्धेत चांगली खेळली. पैसे जमले, पण तिची अम्मी म्हणाली, ‘आपल्या घरात पिस्तूल? उद्या काही झालं तर आधी आपलंच दार वाजेल.’ ही भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. ती हवेतून आलेली नाही. उमर्टीच्या बातम्यांमुळे अख्ख्या शिकलगार समाजाकडे संशयाने पाहिलं जातं. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांनी मान खाली घालायची, हे आपण ओळखतो.

तरी माझं मत स्पष्ट आहे: पिस्तूल घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि क्रमांक असू द्या. क्लबचं सभासदत्व, स्पर्धेची प्रमाणपत्रं आणि बिलाची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. पेटीला कुलूप लावा. फोटो टाकायचाच तर निशाण्याच्या कागदाचा टाका, पिस्तुलाचा नको. परवाना लागत नसला तरी कागद लागतो, आणि आपल्याला जरा जास्तच लागतो. हे अन्यायाचं आहे, पण त्यापायी मुलीचा खेळ बंद करणं हा दुसरा अन्याय. मैराज अहमद खानने २०२२ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात स्कीटचं सुवर्ण जिंकलं. त्याच्याही घरच्यांनी घाबरून बंदूक ठेवली नसती तर? इराणच्या मुली डोक्यावर स्कार्फ बांधून ऑलिंपिकमध्ये पिस्तूल चालवतात, म्हणजे पेहरावाचंही कारण उरत नाही.

मागणी मात्र एवढ्यावर थांबू नये. तोरणमाळच्या पालकाला निम्म्या किमतीचंही पिस्तूल परवडणार नाही. त्याला दहा मीटरचा व्हरांडा, मागे भक्कम भिंत, डोळ्यांना चष्मा आणि शाळेच्या मालकीची तीन-चार चांगली पिस्तुलं पुरतील. ती आळीपाळीने वापरता येतात. जिल्हा क्रीडा विभागाकडे आदिवासी आणि मुस्लिम पालकांनी हे मिळून मागावं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, तेव्हा तिच्यामागे नेमबाजीची सवय असलेलं एक शहर होतं. आमच्याकडे नेम आहे, सवय लावायची आहे. ती पहिल्या बिलापासून लागते.