आळस नव्हे, आजार!

परवा आम्ही स्वारगेटला बसची वाट पाहत उभे होतो. शेजारी एक माउली तिशीतल्या मुलाला घेऊन उभी. त्यांची बस आली, माणसे चढली, बस निघूनही गेली. मुलगा पाटीकडे बघत तसाच उभा! माउलीचा धीर सुटला. "आंघोळीला दहादा उठवायचं, आता बसमध्येही ढकलायचं का? नुसता आळशी झालाय."

बोलता बोलता कळले, मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले. "मग आता हा कामाला का जात नाही?" हा तिचा प्रश्न. तो अनेक घरांतला आहे, म्हणून आज त्याविषयी.

वाचकहो, भास आणि संशय ही या आजाराची दिसणारी बाजू. दुसरी बाजू न दिसणारी. तीत माणसाची उमेद जाते, बोलणे आटते, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, चार माणसांत जावेसे वाटत नाही. शिवाय लक्ष, स्मरण आणि कामाची आखणी यांवरही परिणाम होतो. औषधांनी भास बरेच आवरतात. ही दुसरी बाजू मात्र औषधांना तितकीशी दाद देत नाही.

आता स्वारगेटचाच हिशेब करा. पाटी वाचायची, बसचा नंबर लक्षात ठेवायचा, गोंगाटात कंडक्टरचे ऐकायचे, सुटे पैसे मोजायचे, उतरायचा थांबा चुकवायचा नाही. आपण हे सहज करतो. त्या मुलाला यातली एकेक गोष्ट डोंगराएवढी!

मग घरच्यांनी काय करावे? एका वेळी एकच काम सांगावे. दिवसाची कामे कागदावर लिहून भिंतीला लावावीत. आंघोळ, जेवण, गोळ्या यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. बसचा प्रवास आधी सोबतीने, मग हळूहळू एकट्याने. जमले तर शाबासकी द्यावी. सततच्या टोमण्यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो. सुस्ती औषधांमुळे किंवा नैराश्यामुळेही असू शकते. ते डॉक्टरांना सांगावे, पण गोळ्या मनाने बंद करू नयेत.

पुण्यात या कामाची वाट पूर्वीच पडली आहे. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचे आजारपण जवळून पाहिले आणि पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. २००४ साली आलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट याच आजारावरचा. तो घरातल्या सर्वांनी मिळून जरूर पाहावा.

कायद्यानेही हे दुखणे मानले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार गोष्टी तपासतात. अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरले, तर सवलतींसाठी अर्ज करता येतो. तो हक्क आहे, त्यात लाज कसली? सल्ल्यासाठी २०२२ साली सुरू झालेली सरकारी 'टेलि-मानस' सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६.

पुढची बस आली. आम्ही काही बोलण्याआधीच माउलीने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, ही आपली. चढ." तो चढला.