कानोसा छोट्या मालकाचा, कान मक्तेदारांचे

छोट्या व्यावसायिकांना सध्या एक उपदेश सढळ हाताने केला जात आहे. स्पर्धेत टिकावयाचे असेल तर समाजमाध्यमांवर आपल्याविषयी काय बोलले जाते यावर अहोरात्र नजर ठेवा, असा तो उपदेश. तो करणाऱ्यांत व्यवस्थापनशास्त्राचे पंडित आहेत, जाहिरात संस्था आहेत, आणि ही नजर ठेवण्याची संगणकीय साधने भाड्याने देणाऱ्या कंपन्या तर आहेतच. जणू काही गिऱ्हाइकाचे ऐकण्याची विद्या कॅलिफोर्नियातून आयात करावी लागली! वस्तुतः मुंबईतील उडपी उपाहारगृहाचा किंवा दिल्लीतील ढाब्याचा मालक गल्ल्यावर बसून हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. ताटात कोणती भाजी उरते, रोजचे गिऱ्हाईक आज समोरच्या हॉटेलात का शिरले, याची बातमी त्याला संध्याकाळच्या आत मिळत असे.

तथापि, उपदेश करणारा स्वार्थी आहे म्हणून उपदेश खोटा ठरत नाही. नाराज गिऱ्हाईक आता गल्ल्यापाशी येऊन भांडत नाही. ते मुकाट्याने पैसे देते आणि घरी जाऊन गूगलच्या नकाशावर एक तारा देऊन मोकळे होते. तो तारा पाहून नवखा माणूस दुसऱ्या दारात जातो. अशा वेळी मालकाने आपल्या उपाहारगृहाचे नाव देवनागरीत, रोमन लिपीत आणि लोक ज्या ज्या चुकीच्या प्रकारे ते लिहितात त्या सर्व प्रकारांनी शोधून पाहणे, शेजारच्या दोन-तीन स्पर्धकांविषयीच्या तक्रारीही वाचणे आणि त्यांची तारखेसह वहीत नोंद करणे, हे शहाणपणाचेच होय. सांबार पातळ होते, अशी एकट्याची तक्रार चवीचा प्रश्न असू शकते. पण महिन्यात पाच जणांनी पार्सल सांडल्याचे लिहिले तर दोष डब्याच्या झाकणात आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी दूर करता येतो. समोरच्या हॉटेलात रात्री दहानंतर काही मिळत नाही अशी कुरकूर वारंवार दिसली, तर आपली भट्टी तासभर अधिक पेटती ठेवणे परवडेल काय, याचा हिशेब मांडता येतो. यासाठी महागडे साधन लागत नाही. आठवड्यातील एक तास आणि एक वही पुरते.

तरीही या एका तासापर्यंत पोहोचलेले किती? २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार देशातील बिगरशेती असंघटित क्षेत्रात, बांधकाम वगळता, सुमारे ७.३४ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे राबत होती. त्यांपैकी धंद्यासाठी इंटरनेट वापरणाऱ्या आस्थापना होत्या २६.७ टक्के. बाकीच्यांचा भरवसा अजून गल्ल्यावरच्या कानावरच आहे.

जे पोहोचले त्यांना तरी काय ऐकू येते? भाड्याची काही साधने शब्द मोजून ग्राहकाचा राग-लोभ ठरवितात. ‘काय भारी सेवा आहे, अर्ध्या तासात पाणी आले!’ हे वाक्य असले यंत्र प्रशंसेच्या खात्यात जमा करण्याचा संभव मोठा. शिवाय गृहनिर्माण सोसायट्यांतील आणि आळीतील खरी चर्चा चालते ती व्हॉट्सॲपच्या बंद गटांत, जेथे कोणतेही बाहेरचे साधन शिरू शकत नाही.

मुख्य प्रश्न मात्र याहून खोल आहे. कानोसा मालकाचा असला तरी कान दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, आणि ते केव्हा बंद करावयाचे हेही तो दुसराच ठरवितो. फेसबुकने २०१८ साली आपली रचना बदलून व्यावसायिक पानांवरील मजकूर मागे सारला. ज्या दुकानदारांनी वर्षानुवर्षे खपून तेथे गिऱ्हाईक जमविले होते, त्यांना त्याच गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजण्याची पाळी आली. ट्विटरने २०२३ मध्ये आपल्या माहितीसाठ्याकडे जाणारी फुकट वाट बंद केली आणि सशुल्क वाटेची पहिली पायरीच महिना शंभर डॉलरवर नेऊन ठेवली. चहा-वड्याच्या गाड्याने ती कशी चढावी?

आणि ज्या वेळी छोटा मालक दहा-वीस अभिप्राय वाचीत असतो, त्याच वेळी मक्तेदार त्याचा सगळा धंदा वाचीत असतात. झोमॅटो किंवा स्विगीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक ताटाची नोंद त्यांच्याजवळ जमा होते: कोणत्या वस्तीत, किती वाजता, कोणता पदार्थ, किती दराला. जेवण रांधणाऱ्याला मात्र ग्राहकाची माहिती मिळत नव्हती. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ साली स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीत हा मुद्दा होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये आयोगाने या कंपन्यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. पुढे २०२४ च्या डिसेंबरात झोमॅटोच्या ताब्यातील ब्लिंकिटने ‘बिस्ट्रो’ आणि २०२५ च्या जानेवारीत स्विगीने ‘स्नॅक’ ही स्वतःची खाद्यसेवा सुरू केली, तेव्हा याच संघटनेने उघड विरोध केला. ज्याच्या दुकानात बसून हिशेब शिकले, त्याच्याच दारासमोर दुकान थाटण्याचा हा प्रकार आहे. युरोपातही हेच घडले. ॲमेझॉन छोट्या विक्रेत्यांची खासगी माहिती आपल्याच विक्रीसाठी वापरते, असा प्राथमिक निष्कर्ष युरोपीय आयोगाने २०२० मध्ये काढला, आणि तसे न करण्याची बंधनकारक हमी कंपनीला २०२२ च्या डिसेंबरात द्यावी लागली. म्हणजे कायद्याने हात धरता येतो, धरावयाची इच्छा असेल तर.

या व्यवहारातील तिसरा घटक सोयीस्करपणे विसरला जातो. रात्री तासभर भट्टी पेटती ठेवली की तो तास पडतो भटाऱ्याच्या आणि भांडी घासणाऱ्याच्या अंगावर. अभिप्रायात वाढप्याचे नाव आले की बोलणी त्याला, आणि गर्दीच्या वेळी माणसे कमी ठेवण्याचा निर्णय ज्याचा होता तो मालक नामानिराळा! जेवण उशिरा पोहोचले, की दोष स्वयंपाकघराचा असो वा रस्त्यावरील कोंडीचा, तारा कापला जातो तो पोहोचविणाऱ्या तरुणाचा. ग्राहकाचा कानोसा घेणाऱ्या मालकाने आपल्या कामगाराचा कानोसा घेतला, तर निम्म्या तक्रारींचे मूळ त्याला एकही तारा न मोजता सापडेल.

एकट्या-दुकट्याने हे ओझे उचलणे कठीण आहे. एका रस्त्यावरील वीस उपाहारगृहांनी मिळून दोन सुशिक्षित तरुणांना योग्य पगारावर ठेवले, तर सर्वांविषयीचे बोलणे नोंदले जाईल, आणि खोट्या अभिप्रायांविरुद्ध एकत्रित पुराव्यानिशी दाद मागता येईल. खोट्या अभिप्रायांच्या बाबतीत भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात आय. एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले. पण ते स्वेच्छेने पाळावयाचे ठेवले. कंपन्यांच्या स्वेच्छेवर सोडलेला नियम कोणाच्या उपयोगी पडतो, हे एका दुकानदाराच्या अर्जाने सरकारला कळणार नाही. व्यापारी संघटनांनी आणि हॉटेल कामगारांच्या संघटनांनी तो सक्तीचा करण्याची मागणी एकाच निवेदनात केली, तर तिची दखल घेणे भाग पडेल.