मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा

गेल्या रविवारी सकाळी आमच्या चाळीतल्या एक ताई पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आल्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात, यजमान कंत्राटावर वॉचमन आहेत. थोरल्या मुलीचा जीएनएम नर्सिंगला नंबर लागला होता. "भाऊ, तुमच्यामुळं झालं," असे त्या म्हणाल्या. आम्ही केले होते ते एवढेच, की फॉर्म भरून दिला आणि दाखल्यांसाठी तहसील कचेरीत दोन हेलपाटे घातले. पेढा तोंडात टाकला खरा, पण तो काही गोड लागेना. असाच एक पेढा आम्ही दोन वर्षांपूर्वी खाल्ला होता.

त्या मुलीचे वडील महानगरपालिकेच्या सफाई खात्यात. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, जीएनएमला लागली, वस्तीत तिचा सत्कार झाला. आम्हीही त्यात दोन शब्द बोललो. दीड महिन्यानंतर वडील डबा घेऊन तिला भेटायला इस्पितळात गेले, तर मुलगी वॉर्डातून बेडपॅन घेऊन निघालेली. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "मी तीस वर्षं लोकांची घाण उपसली ती काय तूही उपसावी म्हणून?" त्याच संध्याकाळी ट्रंक उचलून त्यांनी पोरीला घरी आणले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. आम्ही काय बोललो? काहीच नाही. आम्ही बीकॉम झालेले कारकून. जमाखर्च विचारा, आवक-जावक विचारा. वॉर्डात नवीन मुलीला काय काय करावे लागते, हे आम्ही कधी कोणाला विचारलेच नव्हते. शिवाय त्यांचा राग आम्हांला चुकीचाही वाटला नाही. ज्या कामातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, तेच काम पोरगी ॲप्रन घालून करते आहे असे बापाला दिसले तर त्याचा जीव कळवळणारच. आज ती मुलगी एका कापडाच्या दुकानात दहा दहा तास उभी राहून साड्यांच्या घड्या घालते.

म्हणून या वेळी आम्ही आधी विचारून घेतले. आपल्या समाजातल्या एक सिस्टर सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्या आहेत, दोघी नोकरीत आहेत, एक मुलगी दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. चौघींजवळ बसून ऐकले ते पेढेवाल्या ताईंना सांगितले, आणि तेच येथे लिहितो.

जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीराचे कार्य, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आरोग्य आणि मुख्य म्हणजे नर्सिंगचा पाया. हा पाया बिछान्यापासून सुरू होतो. नवीन मुलीला दिवसचे दिवस बिछाना घालायला लावतात. चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली ताणून बसवायचे, सुरकुती दिसली की मोडून पुन्हा घाल. घरी सांगायला फोन करते तेव्हा मुलगी रडते, की आई, इथे शिकवत काही नाहीत, नुसत्या चादरी घालायला लावतात.

आई-बापांनी यातले कारण समजून घ्यावे. अर्धांगवायू झालेला माणूस कुशीवर वळू शकत नाही. सुरकुती, ओल, घाम आणि एकाच जागी पडणारा भार यांनी कंबरेखाली, टाचेला आधी लाली येते, मग कातडी फाटते आणि शय्याव्रण होते. ते हाडापर्यंत जाऊ शकते, त्यातून जंतुसंसर्ग रक्तात जाऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून अशा रोग्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आणि चादर ताठ ठेवायची, हे डॉक्टरच्या औषधाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आता बेडपॅनचे. निवृत्त सिस्टरबाईंना आम्ही त्या वडिलांची हकीगत सांगितली. बाई आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझे वडीलसुद्धा असंच बोलले होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही उचलत होता तेव्हा तुम्हांला कुणी विचारलं का, की तुम्ही काय बघितलंत?"

तो प्रश्न आमच्या मनातून जात नाही. नर्सला बघावे लागते आणि लिहावेही लागते. लघवी किती झाली ते मापून तक्त्यावर मांडायचे. मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण दीड लिटर होते. ती ४०० मिलिलिटरच्या खाली गेली, तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्या असा तो इशारा असतो. शौच डांबरासारखे काळे असेल तर पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असण्याची शक्यता, मात्र लोहाच्या गोळ्यांनीही ते काळे होते, म्हणून आधी गोळ्या चालू आहेत का ते विचारायचे. भाताच्या पेजेसारखे पातळ असेल तर कॉलऱ्याची शंका. मातीसारखे फिके असेल तर पित्ताचा मार्ग अडला असेल. डॉक्टर फेरीला येतो तो तक्ता वाचून पुढचे ठरवतो, आणि तो तक्ता आपल्या पोरीच्या हातचा असतो.

दुसरी गोष्ट, हे काम जन्मावरून वाट्याला येत नाही. बॅचमध्ये पाटलाची मुलगी असते, जोशांची असते, केरळातून आलेली असते; सगळ्यांच्या पाळ्या लागतात, सगळ्यांची नोंद प्रात्यक्षिकाच्या वहीत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर श्रीमंत घरची मुलगी. तिच्या घरच्यांनाही नर्सिंग हे हलके काम वाटे, त्यांनी विरोधच केला. तरी ती १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेली. आपल्या सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हे तर आपल्या घरात शाळेतले पोरही सांगेल.

मात्र एक डोळा उघडा ठेवावा. पाळी सगळ्यांची असते म्हणतो आम्ही, पण जर आपल्याच मुलीला दरवेळी तेच काम सांगितले जात असेल, तर मुलीने ड्युटीचा तक्ता रोज उतरवून ठेवावा आणि तो घेऊन प्राचार्यांकडे जावे. तोंडी तक्रार हवेत विरते. "कोट्यातली का गं?" असा प्रश्न होस्टेलवर पहिल्या आठवड्यात होतो, चौघींपैकी तिघींना झाला होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने दिलेले उत्तर आम्हांला आवडले. ती म्हणाली, "हो. आणि पास व्हायला मलाही ५० टक्केच लागतात, तुलाही ५० टक्केच."

मराठी माध्यमाच्या मुलींना खरी धडकी भरते ती इंग्रजीची. पुस्तके इंग्रजीत, आणि शब्द तरी कसले, अर्धे ग्रीक, अर्धे लॅटिन! पण सिस्टर म्हणतात, पाठ करू नका, तोडून बघा. शेवटी 'आयटिस' आले की दाह. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन यांत एकाच अक्षराचा फरक, पण एकात रक्तदाब चढलेला, दुसऱ्यात उतरलेला; तिथे गफलत झाली तर रोग्यावर बेतेल. केसपेपरवरच्या खुणा वेगळ्याच. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तर, एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. एक शंभरपानी वही करावी, रोज दहा शब्द लिहावेत. सुट्टीत धाकट्या भावंडांनी ते विचारावेत, त्यांचेही इंग्रजी सुधारेल.

गणिताचे ऐकून आमच्यातला बीकॉम जागा झाला. ५०० मिलिलिटर सलाईन ५ तासांत द्यायचे आहे. नळीच्या संचातून १ मिलिलिटरला १५ थेंब पडतात. म्हणजे एकूण ७५०० थेंब, वेळ ३०० मिनिटे, तेव्हा मिनिटाला २५ थेंब. दुसऱ्या बनावटीच्या संचात २० थेंब पडतात, तिथे हेच उत्तर ३३ येते. म्हणून आधी पाकिटावर काय छापले आहे ते वाचायचे. औषधाचेही तसेच. कुपीत ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम असेल आणि डॉक्टरने २५० लिहिले असेल, तर अडीच मिलिलिटर. सातवीचे त्रैराशिक आहे हे. मुलीला यात गती नसेल तर प्रवेशाच्या आधीच्या सुट्टीत कोणाकडून तरी घटवून घ्यावे. कोणी नसेल तर आम्ही आहोत.

नाडी मोजायला सेकंदकाट्याचे घड्याळ लागते. मोबाइल वॉर्डात चालत नाही. मामाने भेट द्यायचीच असेल तर ड्रेसऐवजी हे घड्याळ द्यावे. हिपॅटायटिस बीची लस तीन वेळा घ्यायची असते, पहिल्यानंतर महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. सुईचे काम हाती येण्यापूर्वी सुरुवात झालेली बरी.

घरच्यांसाठी सगळ्यात अवघड गोष्ट हजेरीची. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाची तर डिप्लोमा मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते. बुडलेला प्रत्येक दिवस नंतर उभे राहून फेडायचा. आपल्याकडे मावसभावाच्या हळदीला चार दिवस, गावच्या जयंतीला तीन दिवस, आजी आजारी पडली की "तू नर्सच ना, ये" असे होते. सहा महिने तरी पोरीला बोलावू नये. लग्नाचे फोटो तिला नंतर दाखवता येतील.

कागदपत्रांचे थोडक्यात. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, सगळ्यांच्या पाच पाच झेरॉक्स घरात ठेवाव्यात आणि मूळ कागद दिले तर सहीशिक्क्याची पोच घ्यावी. शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर, महाडीबीटीवर भरतात; पैसे हातात पडायला वेळ लागतो, तोवरच्या मेसखर्चाची तजवीज आधी करावी. आणि प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, हे जरूर बघावे. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या वस्तीच्या तोंडाशी लागतात. आमच्या मेहुणीच्या मुलीने अशाच एका ठिकाणी पैसे भरले. प्रमाणपत्र छान रंगीत आहे, पण त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून सरकारी इस्पितळ दारात उभे करत नाही.

हे सगळे ताईंना सांगत होतो तेव्हा मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. "काका, बेडपॅनचं बाबांना तुम्हीच सांगा," एवढेच म्हणाली. वॉचमनची रात्रपाळी सुटली की येतो म्हणून त्यांना निरोप दिला.

तिथून निघाल्यावर आम्ही त्या सफाई खात्यातल्या गृहस्थांकडेही गेलो. दोन वर्षे उशिरा गेलो, हे आधी कबूल केले. सिस्टरबाई वडिलांना काय म्हणाल्या तेही सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलगी दुकानात गेली होती. शेवटी त्यांनी विचारले, वय निघून गेलं का तिचं? जीएनएमला पस्तिशीपर्यंत प्रवेश मिळतो, ती तर विशीत आहे, असे आम्ही म्हटले. त्यांनी उठून पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. गुणपत्रिका, दाखले, सगळे नीट घडी घालून ठेवलेले होते. उत्पन्नाचा दाखला तेवढा जुना झाला आहे, तो नव्याने काढायला सोमवारी जायचे ठरले आहे.